प्रतिसाद: काच बंद असली तरी ऊन लागतं

वर एका ताईंनी लिहिलंय की गाडीची काच वर असली की उन्हाची काळजी नको. आमच्या काकांना बघितलं असतं तर असं लिहिलं नसतं! आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. काका वीसेक वर्षं कामासाठी गाडी चालवत अहमदाबादला जायचे. सकाळी जाताना ऊन उजवीकडून, संध्याकाळी येतानाही उजवीकडूनच. आज त्यांच्या उजव्या गालावर कानशिलापर्यंत काळपट डाग आणि डोळ्याच्या कडेला सुरकुत्यांचं जाळं आहे. डावा गाल मात्र धाकट्या भावाचा वाटावा असा. काकू फोटो डावीकडूनच काढायला लावते.

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचा फोटो वैद्यकीय नियतकालिकात आला होता. २८ वर्षं ट्रक चालवून त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू लोंबली होती, कारण तिकडे चालक डावीकडे बसतो. साधी काच यूव्हीबी (उन्हातले त्वचा भाजणारे अतिनील किरण) बरंचसं अडवते, म्हणून त्वचा भाजत नाही आणि आपण गाफील राहतो. यूव्हीए (अतिनील किरणांचा दुसरा प्रकार) मात्र आरपार येतं, खोलवर जाऊन कोलॅजन (त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन) मोडतं. पुढची काच थरांची असल्याने ते बरंच अडवते, बाजूची तितकं नाही.

सावळ्या त्वचेला सुरकुत्या उशिरा पडतात हे खरं, पण डाग आपल्यालाच जास्त. आणि सनस्क्रीन घेताना नुसता एसपीएफचा आकडा बघू नका, तो मुख्यतः यूव्हीबीचा. यूव्हीएसाठी वेष्टनावरच्या 'पीए' (PA) या अक्षरांपुढची अधिकची (+) चिन्हं मोजा. इथल्या स्कूटरवरच्या मुली तोंडाला ओढणी आणि कोपरापर्यंत मोजे घालतात, त्यांना मीही हसायचे. आता माझ्याही डिकीत मोजे असतात.