बोरिस की मिखाईल? बल्गेरियाच्या राजाचे नाव आणि बाप्तिस्म्याचे वर्ष

गोदाकाठ (नाशिक)
मध्ययुगीन युरोपाविषयी वाचताना बल्गेरियाच्या एका राजापाशी अडलो आहे. एके ठिकाणी तो ८६४ साली ख्रिस्ती झालेला बोरिस आहे, तर दुसरीकडे ८६६ साली ख्रिस्ती झालेला मिखाईल. नावे दोन का, खरे वर्ष कोणते आणि ‘बोरिस’ हे मुळात स्लाव्ह नाव आहे का, हे कोणी सांगेल का?

लेणीवाट (पाथर्डी फाटा)
दोन्ही नावे एकाच दगडावर आहेत. आजच्या अल्बानियातील बाल्श येथे सापडलेल्या ग्रीक शिलालेखात, बोरिस, ज्याचे नाव मिखाईल झाले, त्याने देवाने दिलेल्या प्रजेसह ६३७४ साली बाप्तिस्मा घेतला, अशा अर्थाचा मजकूर आहे. हे वर्ष सृष्टीच्या उत्पत्तीपासून मोजलेले असून आपण शकात ७८ मिळवतो तसे त्यातून ५५०८ वजा करायचे असतात. मात्र बायझंटाइन वर्ष १ सप्टेंबरला सुरू होत असल्याने ते सप्टेंबर ८६५ ते ऑगस्ट ८६६ असे येते. राजाच्या स्वतःच्या बाप्तिस्म्याला अनेक अभ्यासक ८६४ हे वर्ष देतात. आपल्या पांडवलेण्यांतील सातवाहन राणी बलश्रीच्या लेखात तर नुसते राजा पुळुमावीचे १९ वे राज्यवर्ष आहे. त्या मानाने बाल्शचा दगड फार उदार म्हणायचा.
‘मिखाईल’ हे नाव त्याच्या धर्मपित्याचे (बाप्तिस्म्याच्या वेळी मानलेल्या पित्याचे), म्हणजे बायझंटाइन सम्राट तिसऱ्या मिखाईलचे. बोरिसने पूर्व फ्रँक राजाशी संधान बांधले होते, पण बायझंटाइन फौज चालून आली आणि राज्यात दुष्काळ होता, तेव्हा तहाबरोबर धर्मही कॉन्स्टँटिनोपलकडून आला.

दप्तरदार (सिन्नर)
‘बोरिस’ हे बहुधा बुल्गार राज्यकर्त्यांच्या तुर्की वळणाच्या भाषेतले असावे. स्लाव्हांनी ते पुढे आपलेसे केले. गंमत अशी की, अस्सल स्लाव्ह नाव होते त्याच्या थोरल्या मुलाचे, व्लादिमिरचे, आणि तोच जुन्या धर्माकडे वळला. ८८९ साली राज्य सोडून मठात गेलेला बाप ८९३ मध्ये बाहेर आला, मुलाचे डोळे काढून त्याने दुसऱ्या मुलाला, सिमेऑनला, गादीवर बसवले आणि पुन्हा मठात गेला.

उंबरठा (पंचवटी)
नावाबद्दल थोडेसे सांगते. माझ्या आजीचे सासरचे नाव लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिले गेले आणि रेशनकार्डावर तेच राहिले, तरी तिचे भाऊ अखेरपर्यंत तिला माहेरच्याच नावाने हाक मारत. राजाच्या शिशाच्या मुद्रांवरही ‘मिखाईल’ आहे. लोक मात्र आज त्याला बोरिस म्हणूनच ओळखतात.