"घरी इंग्रजीतच बोला" म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

वडगावची आई
काल इथं एकांनी लिहिलं, पोर मराठी शाळेत असलं तरी आईबापांनी घरी इंग्रजीतच बोलावं, नाहीतर ते मागं पडतं. वाचून डोकं तापलं. आमच्या घरात माग चालतात, मला इंग्रजी येत नाही. मग पोरीशी बोलूच नको? रोज संध्याकाळी ती धडा वाचते, मी कांड्या भरत ऐकते आणि म्हणते, "मला कळलं नाही, तुझ्या शब्दांत सांग." सांगता सांगता कुठं अडलंय ते तिचं तिलाच उमगतं. त्याला इंग्रजी लागत नाही, टीव्ही बंद लागतो. आणि आपल्या कर्नाटकात दहावीला पहिल्या भाषेचा, म्हणजे आपल्या पोरांना मराठीचा, पेपर १२५ गुणांचा असतो, बाकीचे १०० चे. तो कोण सोडवणार?

उद्यमबाग शिफ्टवाला
ताई, पटतंय, खरं मुलाखतीत मराठी कोण विचारतंय? मी मराठी माध्यमातला. फौंड्रीत लागलो तर मशीनचं पुस्तक इंग्रजीत, साहेब कन्नडमध्ये बोलणार. लई सोसलंय मी. पोराला ते नको.

खानापूरकर आजोबा
इंग्रजी राहू दे, कन्नडचं बोला की! कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्यानं शाळेत पहिलीपासून कन्नड आलंय. त्यांच्यात ए आणि ओ ह्रस्व वेगळे, दीर्घ वेगळे. आपल्यात तसं नाही, म्हणून पोरं श्रुतलेखनात तिथंच चुकतात. मी नातवाला बसच्या पाट्या वाचायला लावतो. पैसा लागत नाही.

निपाणीकर
म्हणजे सक्ती मुकाट मान्य? आपला मराठी सीमाभाग कर्नाटकात घातला म्हणून १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळायचा आणि घरात कन्नड गिरवायचं? घटनेचं ३५०-अ कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या पोरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून द्यायची सोय करा म्हणतंय. त्यासाठी भांडा आधी.

खानापूरकर आजोबा
मला लढा शिकवू नका. माझ्या बापानं लाठ्या खाल्ल्यात. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये येतो, तो वाचायला नातवानं दुसऱ्याच्या दारात जायचं काय?

निपाणीकर
उतारा मराठीत द्या, हीच तर आपली मागणी! तुम्हीच वाचायला शिकलात तर ती मागणार कोण?

खानापूरकर आजोबा
मीच मागणार. कन्नड वाचून मागणार. आपल्या कागदावर काय लिहिलंय ते कळत नसलेला माणूस कचेरीत काय भांडणार?

निपाणीकर
वाचता यावं, एवढं मान्य. सक्ती मान्य नाही, कधीच नाही.

निवृत्त बाई
तुमच्या भांडणात पोरं राहिली बाजूला. माझ्या वर्गात पालक गृहपाठ स्वतः लिहून द्यायचे, अक्षरावरून कळायचं. चुकू दे त्यांना. चुकलेली वही बघूनच आम्हाला कळतं काय शिकवायचं ते.

उद्यमबाग शिफ्टवाला
बरं, समजावणं मराठीत, एवढं ऐकतो. खरं इंग्रजी वाचून घेणं सोडणार नाही. आणि रात्रपाळी करून आल्यावर अंगात त्राण कुठं असतंय, बाई?

वडगावची आई
दादा, जेवताना विचारा, आज काय कळलं नाही म्हणून. तेवढं तर होतंय की.