रस्त्यावरचा बोका घरात घेतलाय, पण बाहेर जायचं वेड सुटत नाही. सुरक्षित कसं ठेवावं?

पारिजात_७

बोका साधारण दीड वर्षाचा, पिवळा-पांढरा, ४ किलो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वाढलेला, तीन आठवड्यांपासून घरात. कोथरूड, तळमजला. मागे १० बाय १२ फुटांचं अंगण, तीन बाजूंनी साडेचार फुटी भिंत, चौथी बाजू घराची. अंगणात जायला फक्त स्वयंपाकघराचं दार.

लिटर (ट्रेमधली शी-शूची वाळू) वापरतो, नीट खातो, माणसांना घाबरत नाही. पण संध्याकाळी सहाला दारापाशी रडगाणं सुरू, आणि दुसरी फेरी पहाटे चारला. दोनदा निसटलाय. दुसऱ्यांदा मानेवर चावा घेऊन आला, तिथे गळू झालं. ते आता बरं आहे. लशीचा पहिला डोस, जंताचं आणि पिसवांचं औषध झालंय. नसबंदीचं ऑपरेशन बाकी आहे.

गेटबाहेर सात-आठ कुत्री, समोर वाहता रस्ता, आणि सोसायटी दर महिन्याला उंदरांचं औषध टाकते.

विचारायचंय ते असं: त्याला कायमचं घरात ठेवणं जमेल की तो छळ होईल? अंगणाला जाळी लावायची तर कसली? आणि पट्टा, घंटा, ट्रॅकर यांचा खरंच उपयोग होतो का?

---

सुईदोरा

जाळीवाल्याला नंतर बोलवा, आधी ऑपरेशन. न केलेला बोका माजावर आलेल्या भाटीच्या मागे आणि हद्दीच्या भांडणांपायी फिरतो. तो ओढा असेपर्यंत कुठलीही जाळी, दार, खिडकी त्याच्यासाठी आव्हानच. बोक्याचं ऑपरेशन छोटं असतं, बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी घरी सोडतात. आदल्या रात्री खाणं कधी बंद करायचं ते डॉक्टर सांगतील तसंच करा, "थोडं दूध चालेल" असं स्वतः ठरवू नका. पुढचे ४-५ दिवस लिटरऐवजी ट्रेमध्ये वर्तमानपत्राच्या पट्ट्या टाका, कारण बोक्याची जखम बरेचदा टाके न घालता उघडीच ठेवतात आणि वाळूचे कण तिला चिकटतात. चाटू नये म्हणून गळ्यात कोन.

एक गैरसमज असतो की ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवसापासून बोका शहाणा होतो. तसं नाही. फिरण्याची आणि लघवीचे फवारे मारण्याची सवय ओसरायला ४ ते ६ आठवडे लागतात. काही आठवडे तर तो पिल्लांचा बाप होऊ शकतो. तोवर दार बंदच. आणि भूक वाढते पण गरज कमी होते, म्हणून खाणं साधारण पाव हिस्सा कमी करा, नाहीतर सहा महिन्यांत ५ किलोच्या वर जाईल.

मानेवरच्या चाव्याबद्दल दोन गोष्टी. मांजराचा दात सुईसारखा असतो, वरचं भोक दोन दिवसांत बुजतं आणि आत पू साठतो. म्हणून भांडून आल्यावर "काही दिसत नाही" यावर जाऊ नका, मान, शेपटीचं मूळ आणि पुढचे पाय हाताने चाचपा. दुसरी गोष्ट चाचणीची. एफआयव्ही (मांजराची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणू) मुख्यतः चाव्यातून पसरतो आणि रक्तात दिसायला दोन महिने लागू शकतात. आज चाचणी निगेटिव्ह आली तरी चाव्यापासून ६० दिवसांनी पुन्हा करा. एफईएलव्हीची (मांजरांच्या ल्युकेमिया विषाणूची) त्याच वेळी होते. पॉझिटिव्ह निघाला तर त्याच्यासाठी आणि इतर मांजरांसाठीही बाहेर सोडण्याचा विषय संपला.

चावलं कोण ते माहीत नसेल तर डॉक्टरांना चाव्याची तारीख सांगून रेबीजच्या डोसचं विचारा. तिहेरी (मांजरांच्या तीन आजारांवरच्या) लशीचा दुसरा डोस पहिल्यानंतर ३-४ आठवड्यांनी. तो घेऊन दोन आठवडे होईपर्यंत अंगणातसुद्धा नको. तुम्हालाच तो चावला किंवा ओरबाडलं, तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना.

---

जाळीदार

१० बाय १२ आणि आत यायला एकच दार म्हणजे काम सोपं आहे. साडेचार फुटी भिंत मांजराला उंबरठ्यासारखी, पळत न येता बसल्या जागेवरून चढतं.

पर्याय दोन. पहिला, वरून पूर्ण बंद पिंजरा. दुसरा, भिंतीवर जाळी चढवून साडेसहा-सात फूट उंची करायची आणि वरचा दीड फूट ४५ अंशात आत झुकवायचा. झुकलेला भाग ताणून बसवू नका, सैल ठेवा. पकडायला गेलं की जाळी हलते आणि मांजर सोडून देतं. ताणलेली जाळी म्हणजे शिडी. मात्र हा दुसरा प्रकार बाहेरून येणाऱ्या बोक्यांना अडवत नाही. ते आत उडी मारतात आणि मग दोघेही आत अडकतात. पुण्यात सोसायटीत बोके कमी नाहीत, त्यामुळे इतक्या लहान जागेला पहिलाच पर्याय घ्या.

माल: वेल्डमेश (तारा वेल्ड करून केलेली चौकोनी जाळी), जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा असलेली, भोक १ बाय १ इंच, तारेची जाडी १४ गेज. कबुतरांची नायलॉन जाळी मांजर दाढेने कातरतं आणि कुत्रं बाहेरून फाडतं. षटकोनी मुर्गाजाळी स्वस्त पडते, पण पावसाळ्यात गंजून दोन वर्षांत भोकं पडतात. दोन इंची चौकोन असलेली जाळी घेऊ नका. सांगाडा एक इंची चौकोनी पाइपचा.

हिशेब: तीन भिंतींची लांबी ३४ फूट, वर ३ फूट जाळी म्हणजे १०२ चौरस फूट, छप्पर १२०. एकूण २२२, कापाकापी आणि जोड धरून २५० घ्या. दोन तुकड्यांचा जोड पाइपवरच येऊ द्या, अधांतरी जोड बाइंडिंग वायरने बांधला तर तिथूनच सुटतं. कापलेल्या टोकांना झिंक प्रायमर लावायला सांगा, फॅब्रिकेटर ते आठवणीने विसरतो.

कामाची जागा जाळी नसते, भोकं असतात. पावसाचं पाणी जायचं भिंतीतलं छिद्र, एसीच्या पाइपाची फट, मोरीचा जाळीतुटका कोपरा. एकदा अंगणात उकिडवे बसून मांजराच्या उंचीवरून बघा. आणि स्वयंपाकघराच्या दाराला आपोआप मिटणारी स्प्रिंग बिजागरी. घरात कोणीतरी दार उघडं टाकतंच.

छपराचा निम्मा भाग पश्चिमेकडून हिरव्या शेडनेटने किंवा पत्र्याने झाका, एप्रिलमध्ये पुण्याचा पारा ४० ला जातो. पत्रा टाकलात तर पाणी शेजाऱ्याकडे उतरणार नाही असा उतार द्या. वर्ष सोसायटीच्या मीटिंगमध्ये घालवायचं नसेल तर सुरू करण्याआधी कमिटीला लेखी कळवा.

---

कौलारू

जाळीदार यांचं अंगणापुरतं मान्य. पण हा धागा वाचणाऱ्या सगळ्यांकडे अंगण आणि वेल्डमेशचा खर्च नसतो. कौलारू घर, चाळ, शेतावरचं घर, जिथे दार दिवसभर उघडंच असतं, तिथे "कायम घरात" हे सांगून उपयोग नाही. तिथे बाहेर जाणं थांबत नाही, फक्त वेळ आपल्या हातात ठेवता येते.

मांजर सर्वांत जास्त हिंडतं ते तांबडं फुटताना आणि दिवेलागणीला. नेमकं त्याच वेळी अंधुक उजेडात गाड्या असतात, कुत्री टोळीने फिरतात. म्हणून मोकळीक सकाळी आठनंतर, आणि परतणं सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी. ते साधायचं खाण्याने. रात्रीचं मुख्य जेवण रोज त्याच वेळी, त्याच भांड्याच्या आवाजाने. दाणे भरलेला बिस्किटाचा डबा हलवला की यायची सवय आधी घरातच लावायची, दिवसाला पाच-सहा वेळा, प्रत्येक वेळी काहीतरी देऊन. डबा वाजवून नुसतं पकडून आत टाकलंत तर दोन दिवसांत डब्याला ओळख दाखवणं बंद.

पहिल्यांदा सोडणं घरात किमान चार आठवडे काढल्यावर, ऑपरेशन आणि लशी आटोपल्यावर, जेवणाच्या आधी म्हणजे भुकेलं असताना. दहा मिनिटं. मग आत, लगेच जेवण. दर दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटं वाढवा. पोट भरल्यावर सोडलेलं मांजर परत यायचं कारण शोधत नाही.

काही दिवस पूर्ण बंदी: दिवाळीत संध्याकाळनंतर, आणि संक्रांतीच्या आसपास झाडं-गच्च्यांवर नायलॉन मांजा लटकत असतो तोवर. येऊर, बोरिवलीचा जंगलकाठ, जुन्नरचा बिबट्यांचा पट्टा इथे सूर्यास्तानंतर मांजर बाहेर म्हणजे थेट बिबट्याचं ताट. पावसाळ्यात आणि थंडीत गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा, ऊब शोधत इंजिनावर जाऊन बसतात.

---

पारिजात_७

ऑपरेशनची तारीख घेते. पिंजऱ्याचं मोजमापही करून ठेवलं. पट्टा-घंटा-ट्रॅकर आणि पहाटे चारचं काय?

---

चौथा_मजला

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी हा जुना प्रश्न, पण बांधून काय मिळतं हे कोणी विचारत नाही. पक्षी थोडे सावध होतात इतकंच. मांजराला कुत्र्यापासून किंवा गाडीपासून घंटा वाचवत नाही.

पट्टा बांधायचाच तर ओढ बसली की आपोआप सुटणारी चाप असलेला. साधा बकल आणि इलॅस्टिकचा नको. फांदीत अडकतो, किंवा पुढचा पाय आत जाऊन बगलेत कापतो. दोन बोटं आत जातील इतका सैल. बिल्ल्यावर मांजराचं नाव नको, फोन नंबर हवा. पट्टा हरवतोच, म्हणून मायक्रोचिपसुद्धा बसवा. तांदळाच्या दाण्याएवढी, खांद्यांमध्ये कातडीखाली, १५ आकडी नंबर. पण ती ठिकाण सांगत नाही. रीडर फिरवला तरच नंबर दिसतो, आणि तो नंबर तुमच्या फोनसकट नोंदवलेला नसेल तर काहीच कळत नाही.

ट्रॅकरचे दोन प्रकार. एअरटॅगसारखा ब्लूटूथचा, वजन ११ ग्रॅम, जवळून आयफोन गेला तरच जागा दाखवतो. वर्दळीच्या सोसायटीत चालतो, मोकळ्या माळावर नाही. दुसरा सिमवाला जीपीएस, जड आणि दर काही दिवसांनी चार्ज करावा लागणारा. घेण्याआधी भारतातल्या नेटवर्कवर चालतो का ते बघा, परदेशी मॉडेल बरेचदा चालत नाहीत. दोन्हींचा उपयोग हरवल्यावर, हरवू नये म्हणून नाही.

हार्नेस (दोरी लावण्यासाठी छातीभोवती घालायचा पट्टा) शिकवता येतो. पुढच्या पायांमागे छातीचा घेर मोजा, जाकिटासारखा प्रकार घ्या, एक बोट जाईल इतका आवळ. पहिले तीन दिवस नुसता खाण्याच्या भांड्याशेजारी ठेवा, मग अंगावर दोन मिनिटं, मग रोज वाढवत पंधरा. घातल्यावर मांजर आडवं पडून मेल्याचं सोंग करतं, ते नाटक दोन-चार दिवस चालतं. दोरी दीड-दोन मीटर. घाबरलं की मांजर मागे सरकत हार्नेसमधून निसटतं, म्हणून ही कसरत आधी त्या जाळीच्या अंगणातच. रस्त्यावर तर कधीच नको, सात-आठ कुत्री असलेल्या गेटबाहेर दोरी म्हणजे पळायची वाट बंद.

पहाटे चार: दार उघडू नका, ओरडू नका, खायला देऊ नका. दहातून एकदा जरी उघडलंत तरी तो शिकतो की दहा वेळा ओरडावं लागतं, मग मिळतं. सुरुवातीला ओरडणं वाढेल, ती तुमची परीक्षा. रात्री साडेदहाला काठीला बांधलेल्या पिसाने १५ मिनिटं पळवा, शेवटी पीस पकडू द्या, आणि लगेच दिवसाच्या खाण्याचा मोठा वाटा. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप हा त्याचा क्रमच आहे. तरीही उठलाच तर वेळ लावलेल्या फीडरमधून पावणेचारला चमचाभर दाणे. खाणं डब्यातून येतं, माणसाकडून नाही, एवढं त्याला कळलं की तो तुमच्या दाराऐवजी डब्याशी बसतो. मग रोज पाच मिनिटांनी वेळ पुढे ढकला.

---

सुईदोरा

उंदरांच्या औषधाचं राहून गेलं, आणि तुमच्या यादीत मला तेच सर्वांत धोक्याचं वाटतं. मांजर गोळी खात नाही, गोळी खाऊन मंदावलेला उंदीर खातं. पिंजरा केलात तरी उंदीर जाळीतून आत येतो.

कमिटीकडून पाकिटाचा फोटो मागा. ब्रोमॅडिओलोन असेल तर रक्त गोठत नाही, पण लक्षणं २ ते ५ दिवसांनी: हिरड्या पांढऱ्या, धाप, नाकातून किंवा शीतून रक्त. उपाय व्हिटॅमिन के१, तोही ३-४ आठवडे रोज. दोन दिवसांत टवटवीत दिसला म्हणून थांबवलं की पुन्हा रक्तस्राव. काळपट पूड पिठाच्या गोळ्यांत घातलेली असेल तर ती झिंक फॉस्फाइड. तिला उतारा नाही आणि ती काही तासांत चढते. तेव्हा दूध, तूप, काहीही पाजू नका, पोटातलं आम्ल वाढलं की विषारी वायू जास्त सुटतो. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. पाकिटाचा फोटो घेऊन सरळ दवाखाना.

कमिटीला सांगायचं ते एवढंच: उघड्या गोळ्या बंद, विषाचं आमिष आत ठेवायच्या कुलपाच्या पेट्या किंवा पिंजरे, आणि ओल्या कचऱ्याच्या डब्याला झाकण. चिकट पुठ्ठ्यावर मांजर अडकलं तर खोबरेल किंवा गोडेतेल चोळून हळूहळू सोडवा, रॉकेल-पेट्रोल नाही.

आणि घरातलं: ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडा, किंवा कुत्र्याचं परमेथ्रिनवालं पिसवांचं औषध, ही दोन्ही मांजराला जिवावर बेततात.

---

जाळीदार

उंदीर जाळीतून आत येतो हे खरं. खालच्या एक फुटाला, म्हणजे भिंतीवर जाळी जिथे सुरू होते तिथे, अर्धा इंची जाळीचा दुसरा थर बांधा. सगळा पिंजरा अर्धा इंची केला तर वजन आणि खर्च दोन्ही वाढतात, पण नुसत्या खालच्या थराने वर चढणारा उंदीर पूर्ण थांबेल असं नाही. निचऱ्याच्या छिद्रालाही हीच अर्धा इंची, पण पावसाळ्यात दर आठवड्याला पाला काढावा लागेल, नाहीतर अंगण तुंबेल.