रिपोर्टिंगच्या आधी पायांकडे बघ

भरतीनंतर ट्रेनिंगला रिपोर्ट करायला सहा आठवडे राहिलेत तर पुशअप वाढवू की रनिंग, असं विचारलंयस, पण पायांचा विषय अजून कुणीच काढला नाही म्हणून लिहितोय. सुरुवातीच्या आठवड्यांत पोरं मागे पडतात ती कितीदा तरी दम कमी पडला म्हणून नाही, तर फोड आले, नडगी दुखायला लागली, स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या भाराने हाडाला पडणारी बारीक चीर) झालं म्हणून. बूट स्वतःचे न्यायला सांगितलं असेल तर आजच घे, आधी घरात तासभर घाल, मग चालायला, मग पाठीवर थोडं वजन घेऊन असं वाढवत जा, आणि मोजे तेच घाल जे तिकडे घालणारेस. रनिंग एकदम डबल करू नको रे, दम लवकर वाढतो पण हाडांना भाराची सवय व्हायला वेळ लागतो. शेवटचा आठवडा हलकाच ठेव. पुशअप कर, पण पूर्ण खाली जाऊन, अर्धवट मारलेले टेस्टला धरत नाहीत. कागदपत्रं जॉइनिंगच्या यादीप्रमाणेच लाव, ओरिजिनल वेगळी आणि झेरॉक्स वेगळ्या. आणि पहाटे उठायला आत्तापासूनच लाग, झोपेचं घड्याळ एका रात्रीत बदलत नाही. नडगी आधीच दुखत असेल तर अंगावर काढू नको, या आठवड्यातच डॉक्टरला दाखव.