पोस्टकार्डावर बुद्धिबळ: सध्या कोणी खेळतं का?

तिरका_उंट: मी पुण्यात, मामा रत्नागिरीजवळ गावात. त्यांना मोबाईलवर खेळायचं नाही, पट मांडून दोन दिवस विचार करायला आवडतो, म्हणून म्हटलं पोस्टकार्डावर डाव लावू, कार्ड अजून 50 पैशालाच मिळतं. पण चाल लिहायची कशी, वेळ कसा मोजायचा आणि मुख्य म्हणजे इंजिनचं, म्हणजे चाली सुचवणाऱ्या संगणक प्रोग्रामचं, काय?

जुना_गडी: बिनधास्त सुरू करा, फार मजा येते. चाल आकड्यांत लिहा, आंतरराष्ट्रीय पत्र-बुद्धिबळात हीच पद्धत आहे. पांढऱ्याच्या बाजूने बघून उभ्या पट्ट्या डावीकडून 1 ते 8, आडव्या ओळी खालून 1 ते 8, आधी सोंगटी आहे ते घर मग जाते ते. राजापुढचं प्यादं दोन घरं म्हणजे 5254, राजाकडचा घोडा बाहेर काढला की 7163, किल्लेकोट (कॅसलिंग, राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) असेल तर फक्त राजाची चाल, 5171. आणि समोरच्याची आधीची चाल प्रत्येक कार्डावर परत लिहाच, नाहीतर एक आकडा चुकला की दोघांचे पट वेगळे आणि ते कळेपर्यंत पंधरा दिवस गेलेले.

वेळेचा जुना हिशोब 10 चालींना 30 दिवस. कार्ड हातात पडल्यापासून उत्तर टाकेपर्यंतचेच दिवस धरायचे, टपालाचा प्रवास नाही. शिक्का पुसट असतो, तेव्हा मिळाल्याची आणि टाकल्याची तारीख स्वतः लिहा.

वजीर_घरी: दोन डाव एकदम लावा, एकात तुम्ही पांढरे एकात मामा, एकाच कार्डावर दोन्ही चाली मावतात. मारामारी सक्तीची असेल तिथे ‘तुम्ही घोडा मारलात तर मी प्याद्याने मारतो’ अशी जर-तर चाल आधीच लिहून टाका, एक फेरी वाचते.

चौसष्ट_घरं: इंजिनचं आधीच ठरवा. आयसीसीएफ ही पत्र-बुद्धिबळाची 1951 पासूनची जागतिक संघटना, तिथे इंजिन चालतं आणि म्हणूनच वरच्या पातळीवर जवळपास सगळे डाव बरोबरीत सुटतात. लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवरच्या पत्र-डावात इंजिन बंद पण ओपनिंगची (डावाच्या सुरुवातीच्या चालींची) पुस्तकं बघता येतात, घरच्या डावाला मला हाच नियम योग्य वाटतो. पुस्तक चाळताना माणूस शिकतो तरी, इंजिनची चाल नुसती उतरवून पाठवली तर मामांशी खेळलात कुठे?

तिरका_उंट: खूप आभार सगळ्यांचे! मामांशी फोनवर बोलले. दोन डाव, इंजिन नाही, पुस्तकं चालतील. जर-तर चाली मात्र त्यांना नकोत, म्हणतात तुझं कार्ड आल्याशिवाय मी पुढचा विचारच करणार नाही.