अमेरिकेतील वृद्धापकाळ आणि आरोग्य : पैसा सारखा असला तरी वर्णाने फरक पडतो का?

नदीकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी शिकागोच्या दक्षिण भागातील एका डायलिसिस केंद्रात परिचारिका आहे. आमचे बहुतेक रुग्ण कृष्णवर्णीय आहेत आणि त्यांच्या वयाचा माझा अंदाज नेहमी चुकतो. ज्यांना मी सत्तरीचे समजते, ते फाइल उघडल्यावर पंचावन्न-छप्पन्नचे निघतात. याच शहरातील स्ट्रीटरव्हिल या श्रीमंत वस्तीतील आयुर्मान सुमारे ९० वर्षे आणि एंगलवूड या गरीब, मुख्यतः कृष्णवर्णीय वस्तीतील सुमारे ६० वर्षे असल्याचे न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली दाखवले होते.

माझ्या यजमानांचे म्हणणे असे, की हा सगळा गरिबीचा परिणाम आहे आणि वर्ण हे तिचे केवळ दिसणारे रूप आहे. मला ते पुरते पटत नाही, कारण आमच्याकडे येणारे सगळेच गरीब नाहीत. निवृत्त शिक्षिका आहेत, टपाल खात्यातून निवृत्तिवेतन घेणारे आहेत. उत्पन्न सारखे धरले तर वर्णामुळे पडणारा फरक नाहीसा होतो का, याविषयी जाणकारांनी सांगावे.

कातळ

फरक कमी होतो, नाहीसा होत नाही. आपल्या यजमानांच्या बाजूचा पुरावाही भक्कम आहे, म्हणून आधी तो सांगतो. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली करविवरणांच्या आधारे दाखवले, की अमेरिकेतील सर्वांत श्रीमंत एक टक्का आणि सर्वांत गरीब एक टक्का लोकांच्या आयुर्मानात पुरुषांमध्ये १४.६ वर्षांचे आणि स्त्रियांमध्ये १०.१ वर्षांचे अंतर आहे. तेव्हा पैशाचे वजन कोणी नाकारू नये.

परंतु आपण जे डोळ्यांनी पाहता, त्याला मिशिगन विद्यापीठातील आर्लीन जेरोनिमस यांनी १९९२ सालीच ‘वेदरिंग’ असे नाव दिले होते. त्या नावाचा मराठीत जवळचा अर्थ ‘ऊनपावसाने झिजणे’ असा होईल. सततचा अपमान, असुरक्षित वस्ती, नोकरीची टांगती तलवार आणि घरच्यांची जबाबदारी यांना तोंड देताना शरीर ताणाची संप्रेरके वर्षानुवर्षे स्रवत राहते आणि त्यामुळे रक्तवाहिन्या, हृदय व चयापचय वयाच्या आधीच थकतात, असे हे मत आहे. २००६ साली त्यांनी सहकाऱ्यांसह रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर अशा दहा निर्देशकांवरून या झिजेचे गुण काढले. कृष्णवर्णीयांचे गुण सर्व वयोगटांत गोऱ्यांपेक्षा जास्त आले आणि हा फरक ३५ ते ६४ या वयात विशेष दिसला. आपल्या प्रश्नाचे उत्तर मात्र पुढे आहे : गरीब नसलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांमध्येही जास्त झिजेची शक्यता गरीब गोऱ्या स्त्रियांपेक्षा अधिक होती.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ‘उत्पन्न सारखे’ म्हणजे ‘ऐपत सारखी’ नव्हे. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीनुसार गोऱ्या कुटुंबांची मध्यक संपत्ती (म्हणजे निम्म्या कुटुंबांकडे याहून कमी, निम्म्यांकडे जास्त) सुमारे २,८५,००० डॉलर होती आणि कृष्णवर्णीय कुटुंबांची सुमारे ४४,९०० डॉलर. पगार तोच असला, तरी आजारपणात विकायला घर आहे की नाही, मुलाचे शिक्षण कर्जाविना झाले की नाही, हे मागच्या दोन पिढ्यांना कोणत्या वस्तीत घर घेऊ दिले गेले त्यावर ठरते. १९३० च्या दशकात कृष्णवर्णीय वस्त्या नकाशावर लाल रंगवून तेथील गृहकर्जे धोक्याची ठरवली गेली होती, आणि शिकागोही त्या नकाशांत होते.

शंकेखोर

कातळ यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, तरी दोन हरकती नोंदवतो. पहिली अनुवंशाची. ‘एपीओएल१’ या जनुकाची जोखीम वाढवणारी रूपे पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळतात, हे २०१० साली सिद्ध झाले आणि त्यांचा संबंध थेट मूत्रपिंडाच्या आजाराशी आहे. दुसरी अशी, की ८५ च्या आसपास आकडे उलटतात आणि त्यापुढे कृष्णवर्णीयांचा मृत्युदर गोऱ्यांपेक्षा कमी दिसू लागतो. झीज इतकी खरी असेल, तर ती अतिवृद्धांमध्ये कुठे जाते?

कातळ

पहिली हरकत अंशतः मान्य आहे. मात्र या जनुकाची दोन्ही जोखमीची रूपे असणाऱ्यांपैकी बहुतेकांना मूत्रपिंडाचा आजार होत नाही, आणि झालेले नुकसान डायलिसिसपर्यंत पोहोचते की नाही, यात रक्तदाबावरील उपचार वेळेवर मिळाले का, याला महत्त्व राहतेच. दुसऱ्या हरकतीचे उत्तर त्या झिजेतच आहे, कारण अशक्त माणसे आधीच गेलेली असतात आणि ८५ पर्यंत पोहोचतात ती अधिक काटक असतात. शिवाय दक्षिणेकडील राज्यांत ही माणसे जन्मली त्या काळी अनेकांचे जन्मदाखलेच नव्हते, त्यामुळे नोंदलेली वयेही सैल आहेत.

जुनी_वही

मी अमेरिकी इतिहासाची अभ्यासक आहे, म्हणून केवळ एका मुद्द्यावर लिहिते. आपल्या रुग्णांपैकी सत्तरीपुढचे अनेक जण मिसिसिपी किंवा आजूबाजूच्या राज्यांत जन्मून लहानपणी शिकागोला आलेले असावेत. त्यांचे बालपण जेथे गेले, तेथे रुग्णालयांत कृष्णवर्णीयांचे कक्ष वेगळे होते किंवा त्यांना प्रवेशच नव्हता. १९६५ साली ज्येष्ठांसाठी मेडिकेअर हा सरकारी विमा संमत झाला, तेव्हा आदल्या वर्षीच्या नागरी हक्क कायद्यानुसार भेदभाव करणाऱ्या रुग्णालयाला त्याचे पैसे मिळणार नाहीत, अशी अट होती. जे न्यायालयांना अनेक वर्षे जमले नव्हते ते या अटीने केले आणि १९६६ साली काही महिन्यांत सुमारे एक हजार रुग्णालयांनी वेगळे कक्ष बंद केले. याउलट १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने शेतमजूर आणि घरकामगार यांना निवृत्तिवेतनातून वगळले होते, आणि दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीय नेमके हीच कामे करत. त्यांना १९५० नंतर टप्प्याटप्प्याने सामावून घेतले गेले.

डायलिसिसचीच गंमत पाहा (गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही). सामाजिक सुरक्षा कायद्यातील १९७२ च्या दुरुस्तीमुळे मूत्रपिंड निकामी झालेल्या जवळजवळ प्रत्येकाला कोणत्याही वयात मेडिकेअर मिळू शकते. पण ते मूत्रपिंड ज्या उच्च रक्तदाबाने निकामी झाले, त्याच्या गोळ्यांसाठी चाळिशी-पन्नाशीत विमा असेलच याची हमी कोणीही दिलेली नव्हती.

परदेशस्थ

चर्चा आपल्या लोकांकडेही वळवतो, कारण न्यू जर्सीतील मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत ‘आपण आशियाई लोक येथे सर्वांत जास्त जगतो’ हे वाक्य फार ऐकू येते. २०२१ सालच्या आकडेवारीत आशियाई वंशाच्या लोकांचे आयुर्मान सुमारे साडेत्र्याऐंशी वर्षे, गोऱ्यांचे सुमारे साडेशहात्तर, कृष्णवर्णीयांचे सुमारे ७१ आणि मूळ अमेरिकी लोकांचे अवघे ६५ च्या आसपास होते, हे खरे आहे. पण येथे आलेले आपले लोक शिक्षणाच्या आणि व्हिसाच्या चाळणीतून आलेले आहेत. शिवाय त्या सरासरीत हृदयविकार लपतो. अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई वंश हा जोखीम वाढवणारा घटक म्हणून स्वतंत्र नोंदवलेला आहे.

आपल्याकडची खरी अडचण मुलांनी ग्रीन कार्डावर आणलेल्या आईवडिलांची आहे. ज्यांनी येथे नोकरी केलेली नाही, त्यांना पासष्टीनंतरही सलग पाच वर्षे वास्तव्य झाल्याखेरीज साधारणपणे मेडिकेअर विकत घेता येत नाही. त्या पाच वर्षांत आईच्या गुडघ्यांचे काय करायचे, हे मुलाच्या पगारावर ठरते.

सह्यकडा

यजमानांचा मुद्दा भारतातही तपासला गेला आहे. आशिष गुप्ता, संगीता व्यास आणि पायल हाथी यांच्या २०२२ सालच्या अभ्यासात नऊ राज्यांतील (महाराष्ट्र त्यांत नव्हता) आदिवासींचे आयुर्मान उच्चवर्णीय हिंदूंपेक्षा चार वर्षांहून अधिक आणि दलितांचे तीन वर्षांहून अधिक कमी आढळले. आर्थिक स्थितीने त्यातील निम्म्याहून कमी फरक स्पष्ट झाला. अमेरिकेतील कातडीचा वर्ण आणि भारतातील जात एकच नव्हेत, पण ‘सगळे पैशाचेच आहे’ हे उत्तर दोन्हीकडे सारख्याच जागी अपुरे पडते.

नदीकाठ

सर्वांचे आभार. ‘ऐपत’ आणि ‘उत्पन्न’ यांतील फरक यजमानांनी मान्य केला आहे. ‘झीज’ हा शब्द अजून मान्य केलेला नाही.

जनुकांचा विषय निघाला म्हणून कामावरची एक गोष्ट सांगते. रक्तातील क्रिएटिनिन या टाकाऊ द्रव्यावरून मूत्रपिंडाची कार्यक्षमता काढण्याच्या जुन्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असल्यास उत्तराला १.१५९ ने गुणत असत. म्हणजे रक्त तेच, पण कागदावर मूत्रपिंड सुमारे १६ टक्के अधिक चांगले. कार्यक्षमता २० किंवा त्याखाली आल्यावर प्रत्यारोपणाच्या यादीत प्रतीक्षाकाळ जमू लागतो, आणि या गुणाकारामुळे कित्येकांचा आकडा कागदावर २० च्या वरच राहिला. २०२१ साली वर्णविरहित सूत्र आले, आणि २०२३ पासून यादीतील कृष्णवर्णीय रुग्णांना गमावलेला काळ परत जोडून देण्यात येऊ लागला. त्यासाठी डायलिसिसपूर्वीचे अहवाल लागतात. आमच्या एका आजींचे असे अहवाल तीन निरनिराळ्या दवाखान्यांत पडलेले आहेत. त्यांतील दोन ठिकाणचे मी मिळवले आहेत, तिसरा दवाखाना बंद झाला आहे. अशा बंद दवाखान्याच्या नोंदी इलिनॉयमध्ये कोणाकडे मागायच्या, हे कोणास ठाऊक असल्यास कृपया येथेच लिहावे.