वायफायवर अनोळखी डिव्हाइस, कसं काढू?

प्रश्न: राउटरच्या १९२.१६८.१.१ या सेटिंग पेजवर घरच्यांशिवाय अजून एक डिव्हाइस दिसतंय, नाव नाही, नुसता डिव्हाइसचा ओळख क्रमांक म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस, ब्लॉक केलं तर दुसऱ्याच अ‍ॅड्रेसने परत हजर. शेजारचं कुणी असेल का?

उत्तर १: आधी घरचेच फोन बघ रे. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन खरा मॅक लपवून रँडम दाखवतात. अ‍ॅड्रेसमधलं दुसरं अक्षर २, ६, ए नाहीतर ई असेल तर रँडमच समज.

उत्तर २: मॅक फिल्टरच्या (मॅक बघून ब्लॉक करायच्या) नादाला लागूच नका. पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा, सगळे आपोआप बाहेर, मग एकेक जोडत गेलं की कळतंच उपरा कोण ते. पाहुण्यांना गेस्ट नेटवर्क (त्याच राउटरचं वेगळं वायफाय) द्या.

प्रश्नकर्ता: दुसरं अक्षर ई निघालं, म्हणजे बहुतेक बाबांचा नवा फोन 😅 पासवर्ड तरी बदलतोच, अख्ख्या मजल्याला पाठ आहे तो.